ध्रुव दीड मुठीवर : गोव्यातल्या चार रात्री

पणजीचा अक्षांश साडेपंधरा अंश, म्हणून तिथे ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. हात सरळ पुढे ताणून मूठ धरली की एक मूठ साधारण दहा अंशांची होते, म्हणजे ध्रुव दीड मुठीवर. त्याला झाकायला शेजारचं दुमजली घरही पुरतं. त्यामुळे उत्तरेची नक्षत्रं बघायची म्हणून सहसा कुणी गोव्याला जात नाही. तरीही १८ ते २१ डिसेंबर २०२५ या चार रात्रींसाठी गोवाच ठरवला. मार्गशीर्ष अमावास्या मध्यात होती. शिवाय या अक्षांशावर डिसेंबरच्या एका रात्रीत शर्मिष्ठा, ययाति, कृत्तिका, रोहिणी, मृग आणि पहाटे सप्तर्षी असे सगळे आरामात बघता येण्याइतके वर चढतात. तारे एकेकटे जन्मत नाहीत, घोळक्याने जन्मतात आणि मग पांगतात. त्या पांगण्याच्या सगळ्या पायऱ्या या एवढ्या पट्ट्यात दिसतात. त्या डोळ्यांनी बघायच्या, एवढाच बेत होता.

सामान मोजकं होतं: ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण (नाभीय अंतर १२०० मिमी), ३२, २५ आणि १० मिमीच्या आयपीस (डोळ्याकडची भिंगं), दोन १०×५० द्विनेत्री आणि कॅमेरा ताऱ्यांसोबत फिरवणारा एक छोटा ट्रॅकर.

पहिला दिवस, गुरुवार १८ डिसेंबर : पणजी

नाताळ आठवड्यावर आलेला. घरोघरी, दुकानांवर, चर्चच्या कमानींवर कागदाचे आणि बांबूचे तारे लटकलेले. कोकणीत याला नखेत्रच म्हणतात. मिरामारच्या रस्त्यावर एका चहावाल्या काकांना सहज विचारलं, की इथे नखेत्रं कुठून चांगली दिसतात. त्यांनी मोठ्या उत्साहाने नखेत्रांची स्पर्धा कुठल्या वाड्यावर लागते ते सांगितलं. जाऊन पाहिली आणि सार्थक झालं. एका पोराने बांबूच्या कामट्यांचा माणसाएवढा तारा केला होता. आत दिवा, वर जिलेटीनचा कागद, आणि प्रत्येक सांधा सुतळीने आवळलेला. त्याच्याचकडे उरलेला लाल जिलेटीन मागितला आणि दुहेरी घडी करून टॉर्चवर लावला. चारही रात्री तोच वापरला.

शहरातून उत्तरेला काय दिसतं? शर्मिष्ठेचे पाच तारे आणि नशीब असेल तर ध्रुव. संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, त्यामुळे ध्रुव शोधायची शाळेत शिकलेली रीत इथे उपयोगाची नाही. डिसेंबरात पावणेआठच्या सुमारास शर्मिष्ठा बरोबर उत्तरेला, सुमारे पंचेचाळीस अंशांवर येते. तेव्हा ती इंग्रजी एमसारखी दिसते. तिच्या मधल्या ताऱ्यापासून सरळ खाली तीन मुठी मोजा. तिथे जो मध्यम तेजाचा एकटा तारा दिसेल तो ध्रुव. आजूबाजूला दुसरा ठळक तारा नाही, हीच त्याची खूण.

वेळेची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि गोवा चौऱ्याहत्तरच्या आसपास. म्हणून मासिकांतल्या नकाशावर ‘रात्री ८’ असं छापलेलं आकाश गोव्यात साधारण आठ पस्तीसला जुळतं. अर्धा तास थांबायचं सोडून नकाशा चुकीचा म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आकाश बघायची ओळख पणजीतच करून घ्यायची असेल तर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी ही इथल्या हौशी मंडळींची जुनी संस्था आहे. जायच्या आधी त्यांचं वेळापत्रक विचारून घ्यावं.

दुसरा दिवस, शुक्रवार १९ डिसेंबर : साखळी, चोर्ला घाट, सुर्ला

गोवा मुक्तिदिन. १९६१ साली याच तारखेला गोवा मुक्त झाला. सरकारी सुट्टी आणि जोडून शनिवार-रविवार, त्यामुळे सकाळी लवकर निघालेलं बरं. साखळीत पोई आणि पातळ भाजी खाल्ली. पोई गरम होती, कोंड्याने माखलेली, आणि भाजी अळसांद्यांची. दुपारपर्यंत भुकेची आठवण झाली नाही.

सुर्ला हे सत्तरीतलं सह्याद्रीच्या माथ्यावरचं गाव, सातआठशे मीटर उंचीवर. किनारपट्टीची दमट हवा खाली राहते, हा त्याचा मोठा गुण. अवतीभवती म्हादई अभयारण्य आहे, गवे रस्त्यावर येतात, म्हणून रात्री जंगलात शिरायचं नाही. मुक्कामाच्या घराचं अंगण किंवा गावातलं मोकळं शेत एवढं पुरतं. पश्चिमेला किनाऱ्याकडचा उजेड दिसतो, ईशान्येहून थोडं पूर्वेकडे बेळगावचा. नेमकी उत्तर मात्र काळीकुट्ट.

घाटाची वळणं दुर्बिणीला मानवली नाहीत. पहिलाच तारा लावला तर त्याला धूमकेतूसारखी शेपटी. मुख्य आरशाचा एक स्क्रू हादऱ्यांनी सैल झाला होता. अशा वेळी मध्यम तेजाचा तारा मध्यभागी आणून थोडा फोकसबाहेर न्यायचा. गोल कड्या एकात एक मध्यावर दिसायला हव्यात. सावली एका बाजूला सरकलेली असेल तर आरशामागचे तीन स्क्रू एका वेळी पाव फेरा असे फिरवायचे, आणि प्रत्येक वेळी तारा पुन्हा मध्यभागी आणायचा. घाईत दोन स्क्रू एकदम फिरवले की मग तासभर काही सुधारत नाही. गाडीतून नेताना आरशाची बाजू फोमवर ठेवली असती तर हे काम पडलं नसतं.

ट्रॅकरचं दुखणं वेगळं, खास कमी अक्षांशाचं. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा म्हणजे जमिनीशी जेमतेम साडेपंधरा अंश. कॅमेरा तिपाईच्या पायाला घासतो आणि सगळं वजन उत्तरेला झुकतं. म्हणून तिपाईचा एक पाय बरोबर उत्तरेला ठेवायचा. ध्रुवदर्शक नळीत बघायला जमिनीवर आडवं व्हावं लागतं, तेव्हा चटई हवीच. इतक्या खाली हवेच्या वक्रीभवनाने ध्रुवबिंदू साडेतीन कलांनी (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उचललेला दिसतो. २४ मिमीच्या लेन्सला त्याने फरक पडत नाही, २०० मिमीने बराच वेळ शटर उघडं ठेवून फोटो घेणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं. ट्रॅकर नसेल तर २४ मिमीवर शटर वीस सेकंदच उघडं ठेवायचं. शर्मिष्ठेसारख्या, आकाशाच्या विषुववृत्तापासून साठ अंश उत्तरेच्या भागात तारे विषुववृत्तावरच्यांच्या निम्म्या वेगाने सरकतात, तिथे चाळीस सेकंदही चालतात.

रात्री नऊ वाजता शर्मिष्ठा आणि ययाति यांच्यामधला तो धूसर ठिपका माथ्याकडे अर्ध्या वाटेवर होता. नुसत्या डोळ्यांनी धूर वाटतो. द्विनेत्रीतून त्याचे दोन होतात, आणि ३२ मिमीच्या आयपीसमधून दोन्ही गुच्छ एकाच चौकटीत मावतात: ययातीतला जोडगुच्छ. अंतर सुमारे ७५०० प्रकाशवर्षं, वय सुमारे १ कोटी ४० लाख वर्षं. निळ्या-पांढऱ्या गर्दीत चारदोन तारे चक्क नारिंगी दिसतात. ते या गुच्छातले सर्वांत वजनदार. जितका जड तारा तितका इंधन उधळतो, म्हणून भावंडं अजून बाळसं धरताहेत तोवर हे म्हातारे झालेत.

जरा वर ययातीच्या मुख्य ताऱ्याभोवती द्विनेत्री फिरवली की विसकटलेल्या रांगोळीसारखा गुच्छ दिसतो. हा जवळचा, पावणेसहाशे प्रकाशवर्षांवर, वय पाचसात कोटी. त्याच्या वर कृत्तिका, सुमारे ४४० प्रकाशवर्षं, वय दहा कोटींच्या आसपास. कृत्तिकांभोवती फोटोत दिसणारी निळी धूसरता त्यांच्या जन्माची उरलेली वार आहे असं अजूनही लिहिलं जातं. ते बरोबर नाही. तो वाटेत भेटलेला दुसराच धुळीचा ढग आहे.

अकराच्या सुमारास रोहिणी. गोव्यातून तिच्याकडे बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते, कारण ती माथ्यापासून अंशभराच्या आत जाते. तिच्यामागचा इंग्रजी व्हीच्या आकाराचा गुच्छ १५० प्रकाशवर्षांवर आहे, साठेक कोटी वर्षांचा. स्वतः रोहिणी त्यातली नाही, ती मध्येच ६५ प्रकाशवर्षांवर उभी आहे.

तोवर दवाने सगळं भिजलं होतं. डिसेंबरात सह्याद्रीच्या माथ्यावर निरभ्र रात्री दव ठरलेलं. दुर्बिणीच्या तोंडाला व्यासाच्या दीडपट लांबीची कॅम्पिंग मॅटची गुंडाळी लावली की दोनतीन तास मिळतात. दुय्यम आरसा धूसर झालाच तर बारा व्होल्टच्या हेअर ड्रायरची झुळूक दुरून द्यायची. कापडाने पुसायचं नाही, ओल्या धुळीने लेप खरवडतो. याहून मोठी चूक गोव्यात सर्रास होते: एसीच्या खोलीतून लेन्स थेट बाहेर आणणं. ती काढल्या क्षणी धुकटते आणि आतल्या बाजूने ओलसर झाली तर रात्र संपली. सामान संध्याकाळी पाचलाच, पिशव्या बंद ठेवून, बाहेर आणून ठेवावं.

पहाटे सव्वाचारचा गजर. दार उघडलं आणि सप्तर्षी समोर, चौकोन उत्तरेला उंच, दांडा उजवीकडे खाली लोंबता. पुलहापासून क्रतूकडे जाणारी रेषा पाचपट वाढवली की ध्रुव. वसिष्ठाला चिकटून अरुंधती, नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट.

या सातांपैकी पाच एकाच ढगातली भावंडं आहेत: पुलह, पुलस्त्य, अत्रि, अंगिरा आणि वसिष्ठ, सोबत अरुंधतीही. सगळे सुमारे ऐंशी प्रकाशवर्षांवर, सगळे एकाच दिशेने, एकाच वेगाने चाललेले. रिचर्ड प्रॉक्टर यांनी १८६९ साली हे त्यांच्या चालीवरून ओळखलं. क्रतु आणि मरीची, म्हणजे दोन टोकांचे दोघे, दूरचे आणि परके. लाखभर वर्षांनी दोन्ही टोकं इतकी सरकलेली असतील की ही आकृती ओळखू येणार नाही. पाच भावंडं मात्र तेव्हाही सोबतच चालत असतील.

तिसरा दिवस, शनिवार २० डिसेंबर : सुर्ला

सकाळी सातला खालची दरी नव्हतीच. काठोकाठ पांढरं धुकं, त्यातून वर आलेले दोनचार डोंगरमाथे. घरच्या काकी आदल्या रात्रीच म्हणाल्या होत्या, “फाल्यां धुकें पडटलें.” उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा आणि कैरीचं लोणचं. पेजेच्या वाफेत हात धरून बसावं इतपत थंडी.

त्या दरीवरून ताऱ्यांच्या जन्मातला एक अवघड मुद्दा सोपा होतो. बाष्प काल दुपारीही दरीत होतंच, पण उष्णता होती तोवर ते पसरलेलं राहिलं. रात्रभर उष्णता आकाशात निघून गेली तेव्हा ते जमलं. ताऱ्यांचा ढगही आधी थंड व्हावा लागतो, तापून तारा होत नाही. तापलेला वायू उलट पसरतो. हे साम्य इथवरच: धुक्याचे थेंब रेणूंच्या आपसातल्या ओढीने बनतात, तारा गुरुत्वाकर्षणाने.

दुपारी गावातल्या एका धनगर आजी दुर्बीण बघायला आल्या. त्यांनी विचारलं, “मृग तर पावसात येतो. मग तो तुम्ही आता कसा दाखवणार?” प्रश्न अगदी नेमका होता. मृग ‘लागतो’ म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो, साधारण ७-८ जूनला. त्या दिवसांत मृग सूर्यासोबत दिवसाच आकाशात असतो, दिसत नाही. सहा महिन्यांनी सूर्य समोरच्या बाजूला जातो आणि तोच मृग रात्रभर दिसतो. आजींनी दोन मुठी समोरासमोर धरून हे एकदा स्वतःशी घोळवलं आणि रात्री नातवाला घेऊन आल्या.

शनिवारी घाटातून गाड्यांची ये-जा जास्त, दिव्यांचे झोत सतत फिरतात. जमलं तर सुर्ल्याला आठवड्याच्या मधल्या रात्री जावं. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक हेडलाइट ते सगळं धुऊन टाकतो. एक डोळा कापडी पट्टीने झाकून ठेवायची जुनी युक्ती चांगली काम करते. आणखी एक: डास पळवणाऱ्या मलमात डीईईटी नावाचं रसायन असू शकतं. ते प्लास्टिक विरघळवतं आणि लेन्सचे लेप खराब करतं. पायांना लावा, हाताच्या पंजांना नको.

आज उलट दिशेने, म्हणजे जन्माकडे जायचं होतं. कृत्तिका आणि सारथीतलं ब्रह्महृदय यांच्यामधल्या पट्ट्यावर द्विनेत्री सावकाश फिरवली की काही ठिकाणी तारे एकाएकी विरळ होतात. तिथे पोकळी नाही. समोर धुळीचा ढग उभा आहे, वृषभातला रेणुमेघ, सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवर. आत उणे २६३ अंश सेल्सियस, एका घन सेंटिमीटरमध्ये शेकडो रेणू, घट्ट गाठींत हजारो. जवळजवळ सगळा हायड्रोजन, पण या थंडीत त्याच्या रेणूला उष्णता बाहेर टाकता येत नाही. ते काम अल्प प्रमाणात मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड करतो, मिलिमीटर लांबीच्या लहरींतून. ढग थंड होत जातो, दाब घटतो आणि एखाद्या गाठीत गुरुत्व दाबाला भारी पडतं. मग कोसळणं सुरू.

कोसळता कोसळता गाठीचा मूळचा हळू फिरणारा वेग वाढत जातो, म्हणून सगळं द्रव्य सरळ मध्यावर पडत नाही, भोवती चकती बनते. चकतीतून तारा पोसतो आणि दोन्ही ध्रुवांकडून वायूचे झोत बाहेर फेकतो. मधला गोळा इतका दाट होतो की उष्णता बाहेर पडेना, मग तो तापतो. केंद्र एक कोटी अंशांवर गेलं की हायड्रोजन जळू लागतो. सूर्याएवढ्या ताऱ्याला इथवर यायला काही कोटी वर्षं लागतात, दहापंधरा पट जड असेल तर लाखाच्या हिशेबात. सूर्याच्या आठ टक्क्यांहून हलका गोळा कधीच पेटत नाही.

असे झोत फेकणारी अर्भकं उत्तरेलाही आहेत, ययातीत कृत्तिकांच्या अलीकडे, हजारेक प्रकाशवर्षांवर: एनजीसी १३३३. २५ मिमीच्या आयपीसमधून, म्हणजे ४८ पटींवर, फुंकर मारलेल्या काचेवरच्या वाफेसारखा एक डाग. सरळ बघितलं तर नाहीसा होतो, नजर जरा बाजूला ठेवली तर परत येतो. तारे जवळजवळ सगळे धुळीआड, ते अवरक्त दुर्बिणींनाच दिसतात.

मध्यरात्री मृग. त्रिकांड बाणाखालचा तेजोमेघ, सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षांवर, त्यातले तारे दहावीस लाख वर्षांचे. आधी २५ मिमीवर पंख पाहिले, मग १० मिमी, १२० पट. आरसा चाळीस मिनिटं बाहेर राहून थंड झालेला, त्यामुळे मेघाच्या मधोमध असलेला ठिपका सुईच्या टोकांसारख्या चार ताऱ्यांत फुटला. फोटोत हा मेघ गुलाबी असतो, डोळ्याला राखाडी, किंचित हिरवट. अंधारात काम करणाऱ्या पेशींना तांबडा रंग जवळजवळ दिसत नाही आणि आयनित ऑक्सिजनचा हिरवा त्यांच्या आवाक्यात येतो. नातवाने डोळा लावला आणि म्हणाला, “आजी, कोंबडीचं पिसू आहे.” पीस म्हणायचं होतं त्याला, आणि मेघाचा पसरलेला पंख खरोखर तसाच दिसत होता.

त्या चौघांतला सर्वांत तेजस्वी तारा सूर्याच्या तीस पटींहून जड आहे. त्याचा अतिनील प्रकाश भोवतीचा वायू पेटवतो आणि हुसकावूनही लावतो. ढगातलं जेमतेम काही टक्के द्रव्य ताऱ्यांत जातं, बाकीचं असं उधळतं. त्या वायूच्या वजनानेच सगळी भावंडं एकत्र धरलेली होती. वायू गेला की बहुतेक घोळके सुटतात आणि आकाशगंगेच्या ओढीने लांबत, विरळ होत जातात. पहाटेची ती पाच भावंडं सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी अशाच एखाद्या मेघात होती.

चौथा दिवस, रविवार २१ डिसेंबर : गालजीबाग

काणकोणपर्यंतचा प्रवास सुट्टीच्या गर्दीत लांबला. दुपारी शीत, हुमण, तळलेल्या मुडदुशा, आणि सोलकढी दोनदा.

गालजीबागचा किनारा सुरूच्या झाडांचा, आणि कासवांच्या विणीचा. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात इथे अंडी घालायला येतात, पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणून दिव्यांना मनाई. पहाऱ्यावरच्या माणसाने लाल टॉर्चही विझवायला सांगितला. बरोबरच होतं ते. आयपीस कुठल्या खिशात आहे हे दिवसाउजेडी ठरवून ठेवावं आणि तिपाई वाळूत रुतू नये म्हणून पायांखाली फळीचे तुकडे घ्यावेत. खारी हवा असल्याने आरसा उघडा ठेवलाच नाही, नुसती द्विनेत्री.

सुर्ल्याशी फरक लगेच जाणवला. साडेपंधरा अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश माथ्यावरच्यापेक्षा पावणेचार पट जाड हवेतून येतो. सुर्ल्याच्या डोंगरावर ती हवा नुसती थंड, समुद्राकाठी बाष्प आणि मिठाने भरलेली. ध्रुव इथे एका प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाची पायरी) मंद, जेमतेम तिसऱ्या प्रतीच्या ताऱ्यासारखा, सुरूंच्या शेंड्यांवर. पहिल्यांदा शोधणाऱ्याने किनारा निवडू नये.

पहाटे साडेचारला पुन्हा सप्तर्षी. ध्रुवमत्स्यातून येणाऱ्या उल्का २२ डिसेंबरच्या आसपास कळसाला पोचतात, पण गोव्यातून त्यांचा उगमबिंदू खाली राहतो. तासाभरात तीनच दिसल्या. त्यातली एक मात्र लांबलचक, उत्तरेकडून वर सरपटत थेट चौकोनापाशी विझली. पहाऱ्यावरचा माणूसही बघत उभा होता. अरुंधती त्याला सांगावी लागली नाही, लग्नात दाखवली होती म्हणाला. पाच कोण आणि परके दोन कोण, हे मात्र त्याने बोटाने मोजून विचारून घेतलं.

साडेपाचनंतर पूर्वेला फटफटायला लागलं. आधी ध्रुव गेला, मग अत्रि, कारण सातांत तोच सर्वांत मंद. सव्वासहाला क्रतु आणि अंगिरा तेवढे उरले होते, आणि तळपणच्या मुखाकडून होड्यांच्या इंजिनांचे आवाज येऊ लागले.